आधी दिवा सोड

उदगीरच्या मोंढ्यातला काटा रात्री नवाला थांबतो.
मग ही खोली माझी.
तुरीच्या भुशाचा वास, कण्हणारा एसी
आणि काळ्या पडद्यावर एक उभी रेघ,
उघडझाप करत विचारणारी: बरं, मग?

इथं चित्रं नाहीत, बोट ठेवायला बटण नाही.
काय हवं ते शब्दांत सांगायचं,
एक अक्षर चुकलं की तोंडावर उत्तर:
असा हुकूम ठाऊक नाही.

आज साठवणीचं पॅकेज बदलायचंय.
अकरा वर्षांच्या काटापट्ट्या त्याच्या पोटात,
तूर, करडई, हरभरा,
ओलावा इतका, माती इतकी,
सह्या, अंगठे,
आणि एका फोटोच्या कोपऱ्यात
पावती खायला निघालेली शेळी.

रखमाजीमामा टॉर्च मांडीवर घेऊन दारात.
"काय करायलीस गं, फरजाना?"
"कोठाराचं जुनं झाकण काढून नवं बसवायलेय."
"माल आतच ठेवून?"
"आतच ठेवून."
"मग आधी दिवा सोड," म्हणतात.

त्यांचे वडील पेवात उतरायचे. दुसऱ्यांच्या.
झाकण काढून रात्रभर हवा खाऊ द्यायची,
मग दोरीला कंदील बांधून खाली.
कंदील तेवला तर माणूस जाणार.
मजुरी दोन पायली ज्वारी,
तळाची, काळपट, आंबूस.
"आणि विझला तर?"
"तर वर बसून बिडी प्यायची."

मी लिहिते: स्टेटस.
हिरवा ठिपका. दोनशे चौदा दिवस अखंड चालू.
मग स्टॉप.
काहीच उमटत नाही.
इथं काम नीट झालं की कुणी बोलत नाही,
आमच्या घरच्यासारखंच.

इन्स्टॉल म्हटलं तर नकार:
हे पॅकेज धरून ठेवलेलं आहे.
कुणी धरलं?
कॉन्फिगच्या फायलीत, एकशे बाराव्या ओळीवर,
हॅशच्या आडोशाला बिरादार सर सापडले,
जे हैदराबादला गेले ते गेलेच:
"आधी नक्कल काढावी. मी एकदा काढली नव्हती."
त्या कार्तिकातल्या एकोणीस दिवसांच्या पावत्या
कुठंच नाहीत, हे मला माहीत होतं.
ऑफिसात सगळे उंदरांवर ढकलायचे.

नक्कल निघायला चाळीस मिनिटं.
मामांनी चहा केला.
धरलेलं सोडवलं. रिमूव्ह लिहिलं, पर्ज नाही.
रिमूव्ह म्हणजे चुलीवरचं भांडं उतरवणं,
पर्ज म्हणजे चूलही खणून नेणं.
नवं आलं. स्टार्ट.
स्टेटस:
लाल.

इतक्यात सचिवांचा फोन.
"सकाळी सौदा आहे. जबरदस्तीनं चालू कर,
असतो म्हणे तसा हुकूम."
असतो. फोर्स म्हणतात त्याला.
मी बघते म्हणाले, आणि फोन पालथा ठेवला.

मामांनी सगळं ऐकलं होतं.
"आमच्या बापाचा दिवा विझला तेव्हा
मालक म्हणला, वात खराब असंल, उतर तू."
"मग?"
"मग काय. मी वॉचमन झालो."

एसीचं पाणी बादलीत पडत राहिलं.
मी लॉगच्या शेवटच्या तीस ओळी
खालून वर वाचल्या.
कोठार जाग्यावर होतं, दाणान् दाणा होता,
फक्त फोल्डर जुन्या धन्याच्या नावावर.
एका ओळीचा फेरफार.
तलाठ्याकडं याला किती हेलपाटे पडले असते!
पुन्हा स्टार्ट. पुन्हा स्टेटस.
हिरवा.

तरी मी एक पावती उघडून पाहिली.
शेळी होती.

मामा उठले, गेटाकडं गेले,
त्यांच्या टॉर्चचा उजेड
रिकाम्या काट्यावरून एकदा फिरला.
मी एकशे तेराव्या ओळीवर गेले,
हॅश टाकला आणि लिहिलं:
दिवा विझला होता. वर बसले.
फरजाना. खाली तारीख.